शेजारच्या सीटवरची छत्री

तीर्थस्वरूप भाऊजींच्या चरणी (ते क्षणभर एका जागी थांबतील या आशेवर) वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. तिकडे ठीक नाही हे मला ठाऊक आहे, तरी रीत म्हणून विचारतो. प्रकृती कशी आहे? खोकला उतरला का? डोक्याला गुंडाळलेला तो मफलर झोपताना तरी सोडता ना? (खोकल्याची आणि मफलरची बातमी मला कशी लागली याचं आश्चर्य वाटलं असेल, तर ते जपून ठेवा, पुढे लागणार आहे.) घरात चहा कोण करतं हे विचारत नाही. तुम्ही केलेला चहा मी एकदा प्यालो आहे आणि त्यानंतर आपल्या नात्यात आलेला किंचित दुरावा अजून पुरता गेलेला नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण असं की फोनवर तुम्ही 'हं', 'बरं' आणि 'ठेवतो' एवढ्या तीन शब्दांवर संसार चालवता. ताई इकडे आली त्या संध्याकाळी तुमचा फोन आला होता. "ती तिकडे आहे?" "आहे." "बरं. ठेवतो." सूत्रं लिहिणाऱ्या ऋषींनासुद्धा हेवा वाटावा असा हा संवाद, पण सूत्रावर निदान कोणीतरी भाष्य लिहितं, तुमच्या 'बरं'वर भाष्य लिहायला आम्ही तीन आठवडे बसलो आहोत आणि एकमत होत नाही. माझी बायको म्हणते त्यात पश्चात्ताप होता. ताई म्हणते त्यात फक्त फोनचं बिल वाचवणं होतं. कागदाचं मात्र वेगळं आहे. कागद हातात पडला की तुम्ही जिथे असाल तिथे, आहात तसे उभे राहून, छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचता आणि तोवर मान वर करत नाही. आम्ही घर बदललं तेव्हा तुम्ही नव्या घराच्या दारात उभे राहून खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचत होता, आणि तुमच्या मागे कपाट खांद्यावर घेतलेले चार हमाल 'साहेब, साहेब' करत होते. तुम्ही 'लहान मुलांपासून दूर ठेवावे' इथपर्यंत पोचल्यावरच हललात. या गुणावर माझा पूर्ण भरवसा आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही पोस्टाने न पाठवता हस्ते पाठवतो आहे.

आता मूळ विषय. (मूळ विषय मी लगेच सांगत नाही हे तुम्हाला लग्नापासून माहीत आहे.) आमच्या शाळेत संस्कृतचा वर्ग उरला नाही. शेवटच्या वर्षी तीन मुलं होती; त्यातला एक चुकून येऊन बसला होता आणि दुसरा त्याला शोधायला आला होता. मग मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून सांगितलं की संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग काढायचा आहे, तो तुम्ही घ्या. मी म्हटलं, बाई, माझं इंग्रजी रजेचा अर्ज लिहिण्यापुरतं आहे, आणि रजा मी फारशी घेत नाही. त्या म्हणाल्या, "व्याकरण येतं ना तुम्हाला? मग झालं की. व्याकरण काय, सगळीकडे तेच." (हे ऐकून माझ्या गुरुजींनी जिथे असतील तिथे कूस बदलली असणार.) वर्गाला खोली मिळाली ती हस्तकलेची. भिंतीवर मुलांनी चिकटवलेले कागदी मासे, सगळीकडे खळीचा वास, आणि पहिलीच्या मुलांचे बाक, ज्यांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसतात. माणसं म्हणाल तर चौकातला शिंपी, समोरच्या गल्लीतली पार्लरवाली, बसवरचा कंडक्टर, आणि आणखी सात-आठ जण, ज्यांची नावं मला येतात पण तुम्हाला त्यांचा उपयोग नाही.

शिकवायला एक पातळसं पुस्तक दिलं. त्यात एक तक्ता आहे आणि त्याचे चार रकाने. पहिल्या रकान्यात करणारा: आय, वी, ही, शी, इट, दे. दुसऱ्यात होऊन गेलेल्या गोष्टी: वेंट, केम, लुक्ड, रॅन. तिसऱ्यात टू, फ्रॉम, विथ, फॉर, बिहाइंड अशी किरकोळ शरीरयष्टीची मंडळी. चौथ्यात ज्याचं जे व्हायचं ते झालं तो: मी, अस, हिम, हर, देम. प्रत्येक रकान्यातून एकेक उचलायचा की वाक्य तयार, बटणांच्या डब्यातून चार बटणं काढून सदऱ्याला लावावीत तसं. बटणं एकाच रंगाची निघतील याची हमी नाही. पहिल्याच दिवशी तयार झालेलं वाक्य होतं 'इट लुक्ड ॲट अस', म्हणजे 'त्याने आमच्याकडे पाहिलं', आणि ते म्हटल्यावर सगळा वर्ग भिंतीवरच्या माशांकडे बघू लागला.

आता माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. मला शिकवण्याची एकच रीत येते, ती म्हणजे एका सुरात घोकून घेणं. मी राम, रामाने, रामासाठी असा वाढलेला माणूस. तेव्हा मी तोच ताल धरला. ही वेंट विथ हर, ही वेंट टू हर, ही वेंट फ्रॉम हर. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून वर बघू लागले. (एका आजोबांनी खालून विचारलं, कसली पूजा आहे?) मला स्वतःला या भाषेतली एक गोष्ट पहिल्या दिवसापासून खटकली. आपल्याकडे 'मागे', 'पुढे', 'साठी', 'बरोबर' ही मंडळी माणसाच्या पाठीमागून चालतात: तिच्यामागे, त्याच्यासाठी, आमच्याबरोबर. इंग्रजीत ती माणसाच्या पुढे चालतात आणि माणूस मागून फरफटत येतो. भाऊजी, इथे मला तुमची आठवण झाली. का झाली ते आता येईल. आणखी एक अडचण अशी की आपल्याकडे नवरा बायकोबद्दल बोलताना 'ही' म्हणतो आणि इंग्रजीत 'ही' म्हणजे खुद्द नवरा. शिंप्याने पहिला आठवडा आपल्या बायकोला पुरुष करण्यात घालवला.

पण खरा घोटाळा वेगळाच झाला. संस्कृतचा वर्ग कधी 'राम वनातून का गेला?' असं विचारत नाही. रूपं म्हणतो आणि घरी जातो. हे लोक मात्र हट्टाला पेटले. 'दे रॅन आफ्टर हर' म्हणून झालं की पार्लरवाली हात वर करते. "सर, ती का पळाली?" अहो बाई, ती पळाली नाही, क्रियापदाचा सराव आहे. "पण कुणीतरी मागे लागल्याशिवाय का कोण पळतं?" त्यावर शिंपी म्हणतो, तिनेच काहीतरी केलं असेल. त्यावर पार्लरवाली म्हणते, तुमच्या दुकानातून कापड न घेता पळाली असेल. असे आम्ही भूतकाळात चाललो होतो, एक पाऊल पुढे आणि दोन बाजूला.

या सुमारास ताई आली. एका हातात पर्स, नाकावर नवा चष्मा, बाकी काही नाही. आम्ही दाराबाहेर डोकावून विचारलं, "भाऊजी?" ती म्हणाली, "हे पुढे गेलेत." आम्हाला वाटलं कोपऱ्यावर काही घ्यायला गेलात. चहा टाकला, तुमचाही टाकला. तो निवून गेला तेव्हा ती म्हणाली, आठ दिवस राहीन म्हणते. त्यापुढे एक अक्षर नाही. तुमचं नाव काढलं की ती चष्मा पुसायला घेते. आणि तो चष्मा! त्याचा पहिला बळी मी. ताईला आता सगळं दिसतं. औषधांच्या बाटल्यांवरच्या तारखा वाचून तिने आमचं निम्मं कपाट रिकामं केलं. माझ्या पुस्तकांवरची धूळ, मी दाढी करताना सोडलेली जागा, माझ्या बायकोने मसाल्याच्या डब्यांवर केलेल्या शुद्धलेखनाच्या चुका, काहीही सुटेना. शेवटी बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमच्या वर्गाला न्या हो त्यांना. तिथे भिंतीवर मासे आहेत ना, ते मोजतील."

ताई शेवटच्या बाकावर बसली. बरेच दिवस नुसती ऐकायची. मग एकदा मी सांगितलं की तक्ता मिटा आणि आपापल्या आयुष्यातली वाक्यं म्हणा. शिंप्याने 'आय सॅट ऑन इट' सांगितलं आणि ती कात्री होती हे मराठीत समजावलं. पार्लरवालीने कुणा गिऱ्हाइकाचं काहीतरी सांगितलं, ते लिहिण्यासारखं नाही. आणि मग ताई उभी राहिली. पदर सावरला, चष्मा वर सरकवला, आणि न अडखळता म्हणाली:

"ही वॉक्ड बिफोर मी. आय वॉक्ड बिहाइंड हिम. ही गॉट इन्टू इट. आय लुक्ड ॲट इट. इट वेंट विथ हिम. आय केम टू देम."

म्हणजे ते माझ्यापुढे चालले, मी मागे चालले, ते त्यात चढले, मी बघत राहिले, ते त्यांना घेऊन गेलं, मी भावाकडे आले. शिंप्याने विचारलं, "इट म्हणजे?" ताई म्हणाली, "बस." शिंप्याने विचारलं, "आणि ही म्हणजे?" ताई खाली बसली. पार्लरवालीने शिंप्याला कोपराने ढोसलं. मी फळा पुसायला वळलो. फळ्यावर काही नव्हतं, तरी बराच वेळ पुसला.

जे आम्हाला इतके दिवस घरात मराठीत कळलं नाही, ते हस्तकलेच्या खोलीत, परक्या भाषेत, सहा वाक्यांत कळलं. मागाहून तिने माझ्या बायकोला नीट सांगितलं, ते असं. (तुम्ही तिथे होतात, पण पुढे होतात. तेव्हा तुम्हालाही हे नवीनच असेल.) तुम्ही दोघं तुमच्या-आमच्या मधल्या गावी तिचा चष्मा आणायला गेला होता. दुकानातून बाहेर पडलात आणि तुम्ही नेहमीसारखे चालू लागलात. तीस वर्षं नळखात्यात पाइपलाइनीवरून चाललेला माणूस तुम्ही, नजर खाली आणि पाय पुढे. ती चाल निवृत्तीबरोबर परत करायची राहून गेली हे आम्ही समजू शकतो. पण भाऊजी, त्या दिवशी ताईला डोळे नवे होते. नव्या चष्म्यातून तिला पहिली स्पष्ट दिसलेली गोष्ट म्हणजे तुमची पाठ. ती म्हणते, शर्टाच्या कॉलरची शिवण उसवलेली दिसली, मानेवरचे पांढरे केस दिसले, आणि एकदम लक्षात आलं की इतक्या वर्षांत आपण या माणसाला चालताना समोरून कधी पाहिलेलंच नाही. म्हणून ती थांबली. नुसती बघायला, की मी थांबले हे यांना कळतं का. तुम्ही स्टँडवर पोचलात, बसमध्ये चढलात. जमिनीखाली पुरुषभर खोल पाइप गळत असला तर तुम्ही सळई कानाला लावून ते ओळखायचात, त्यासाठी खात्याने तुम्हाला शाल दिली. पण मागे चालणारी बाई थांबली ते ऐकू आलं नाही. बस सुटली. समोर दुसरी बस उभी होती, तिच्या पाटीवर आमच्या गावाचं नाव होतं, आणि ते तिला लांबून, कुणाला न विचारता, स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आलं. मग ती त्या बसमध्ये चढली. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात तक्ता कोणी उघडेना. ताईची सहा वाक्यं हाच तक्ता झाला. पार्लरवाली म्हणाली, "सर, हा 'ही' मला काही पटला नाही." शिंपी तुमच्या बाजूने उभा राहिला. (तोही पुढे चालतो, हे आम्ही बघतोच.) तो म्हणाला, "रस्त्यात खड्डे असतात. कुणीतरी पुढे चालायलाच पाहिजे, मागच्याला सांगायला." ताई शेवटच्या बाकावरून म्हणाली, "पुढचा सांगतो कुठे? स्वतः ओलांडतो आणि जातो." शिंपी त्यानंतर दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो बायकोला घेऊन, आणि दारातून दोघं एकदम आत यायला बघत होती, त्यामुळे दारात अडकली. सुधारणा सुरुवातीला अशीच दिसते.

आता छत्री. (हो, तीच.) त्या टू, फ्रॉम, बिहाइंड मंडळींचा धडा पक्का व्हावा म्हणून मी सांगितलं की प्रत्येकाने घरून एकेक वस्तू आणावी, तिच्यावर, खाली, शेजारी असं काही ठेवून दाखवता येईल. कुणी डबा आणला, कुणी उशी. कंडक्टर ड्युटीवरून थेट आला होता, त्याच्याकडे काही नव्हतं. त्याने बसमध्ये सापडलेली, डेपोत पडून असलेली एक काळी छत्री आणली. लांब दांड्याची, मुठीची पकड झिजलेली, आणि बंद करायच्या पट्टीचं बटण काळ्या कापडावर लाल दोऱ्याने शिवलेलं. घरात काळा दोरा संपला होता, त्या दिवशी तुम्हाला घाई होती, आणि ते बटण ताईने लाल दोऱ्याने लावलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की ताई उठली, कंडक्टरच्या हातातून छत्री घेतली, बटण उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "ही कुठे मिळाली?"

मी म्हटलं, इंग्रजीत. (शिक्षकाचा स्वभाव, काय करणार.) कंडक्टर बिचारा उभा राहिला. "ही सॅट इन इट. ही पुट इट बिसाइड हिम. दे शाउटेड ॲट हिम. ही शाउटेड ॲट देम." एवढ्यावर त्याचं इंग्रजी संपलं आणि पार्लरवालीचा धीरही. "छत्रीसाठी भांडला तो?" तेव्हा कंडक्टर मराठीत सुटला. "छत्रीसाठी नाही हो, सीटसाठी! गृहस्थांनी दोन तिकिटं काढली, खिडकीत बसले आणि शेजारच्या सीटवर छत्री आडवी टाकली. गर्दी ही एवढी. लोक म्हणाले, काका, उचला. हे म्हणतात, 'मागून येतायत.' अहो कोण येतंय? तर दाराकडे हात. बस गावाबाहेर पडली, लोक उभ्याने हिंदकळतायत, आणि हे आपले 'मागून येतायत'. शेवटचा स्टॉप आला. उतरले, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, वळून बघितलं. मग तिथेच उभे. मी गाडी फिरवून डेपोत लावली तरी तिथेच. छत्री माझ्या गाडीत राहिली."

भाऊजी, त्या खोलीत इतकी शांतता मी संस्कृतच्या वर्गातही अनुभवली नाही, आणि तिथे तर कोणी नसायचंच.

मग कंडक्टरने जे सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे, पण आम्हाला माहीत आहे हे तुम्हाला माहीत नाही. दुसऱ्या दुपारी तुम्ही स्टँडवर जाऊन छत्री विचारलीत. तो म्हणाला, आहे, डेपोत जमा केली आहे, आत्ता आणून देतो. तुम्ही म्हणालात, "राहू दे. उद्या नेतो." उद्याही तेच. परवाही तेच. रोज दुपारी आमच्या गावाहून जाणारी बस लागते तेव्हा तुम्ही बाकावर असता, सगळे उतारू उतरेपर्यंत दाराकडे बघता, मग उठून छत्रीची चौकशी करता आणि छत्री न घेता घरी जाता. कंडक्टर म्हणाला, "मला वाटलं काकांना विसरायची सवय आहे."

मला वाटलं, आता ताई सामान बांधणार. कसलं काय. छत्री तिने घरी आणली, पुसली, आणि खुंटीला लावून म्हणाली, "स्टँडपर्यंत येतात ना? मग बसच्या चार पायऱ्या चढायला काय झालं?" मी म्हटलं, तिकडून इकडे यायचं म्हणजे, ताई, त्यांना तुझ्या मागून यावं लागेल, सवय नाही. तिने चष्म्यातून असं काही पाहिलं की मी पुस्तकांवरची धूळ पुसायला गेलो.

पण वर्गात हजेरीच्या आधी एक नवीन हजेरी सुरू झाली. कंडक्टर शिरला की सगळे एका सुरात, "वॉज ही देअर?" तो म्हणायचा, "ही वॉज." मग ताई शेवटच्या बाकावर वही उघडायची आणि शिकवणं सुरू व्हायचं. गेल्या आठवड्यात मुख्याध्यापिका बाई तपासणीला आल्या. त्यांनी खिडकीखालून बरंच ऐकलं असावं, कारण आत येताच त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "सर, वाईट काही नाही ना यात?" मग पहिलीच्या बाकावर टेकल्या त्या उठेचनात. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी तक्ता मागितला, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "अहो, मग 'ही केम फॉर हर' हे वाक्य का घेत नाही तुम्ही? चारही रकाने आहेत की." मी वर्गाकडे पाहिलं. शेवटी शिंपी म्हणाला, "बाई, ते अजून झालेलं नाही. झालंय तेवढंच म्हणतो आम्ही." बाईंनी शेऱ्याचा कागद न भरता दुमडून पर्समध्ये ठेवला आणि जाताना मला सांगितलं, "झालं की कळवा."

आणि मग चार दिवसांपूर्वी कंडक्टर आला, सगळ्यांनी विचारलं, आणि तो म्हणाला, "ही वॉज नॉट." तुम्ही बाकावर नव्हता. तिकडे दिवसभर पावसाची झड होती, असं तो म्हणाला. ताईने वही उघडली नाही. घरी येताना ती माझ्या पुढे चालत होती, भाऊजी, भराभर, मी मागून हाका मारत होतो. जेवली नाही. खुंटीवरच्या छत्रीकडे बघून एकदाच म्हणाली, "भिजले असतील. छत्री इथे आहे." दुसऱ्या संध्याकाळी कंडक्टर दारातूनच ओरडला, "ही वॉज! ही वॉज! डोक्याला मफलर आहे, खोकतायत, पण आहेत!" आणि तुमची छत्रीची चौकशी करायची पाळी आली तेव्हा खोकल्यामुळे शब्द फुटेना, म्हणून तुम्ही नुसता हात हलवलात, 'उद्या' असा. हे त्याने वर्गात करून दाखवलं. ताईने ते दोनदा करून दाखवायला लावलं.

तर असा आमचा अभ्यास चालला आहे. भूतकाळ इथे अडला आहे आणि तो संपल्याशिवाय मला भविष्यकाळ शिकवता येत नाही. तुमच्यामुळे दहा-बारा माणसांचं शिक्षण खोळंबलं आहे याचा विचार व्हावा. बाकी सर्व क्षेम. माझ्या बायकोने वाकून नमस्कार सांगितला आहे आणि काढ्याची पुडी दिली आहे. ती कंडक्टरच्या खिशात आहे, मागून घ्यावी.

आपला आज्ञाधारक मेहुणा
(याला संस्कृतात श्यालक म्हणतात. जुन्या नाटकांत या माणसाला सहसा चांगलं काम मिळत नाही.)

ता. क. वर इतकं लिहूनही मुख्य गोष्ट राहिलीच. विनंती अशी की ज्या बसची तुम्ही रोज वाट बघता, ती बस तिथून परतही येते. एकदा तिच्यात चढून या. कंडक्टर तुमच्यासाठी शेजारशेजारच्या दोन सीट राखून ठेवायला तयार आहे; एकीवर तुम्ही बसा, दुसरीवर परतीच्या वाटेत ताई बसेल. बाकी आम्ही काही मागत नाही.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. रद्द समजावा. ताईने पत्र वाचलं. ('किती पसरट लिहितोस रे' हा अभिप्राय, आणि लाल दोऱ्याच्या उल्लेखावर काट मारून पुन्हा ती काट खोडली.) मग तिने पिशवी भरली, छत्री खुंटीवरून काढली आणि मला विचारलं, उद्याची दुपारची बस किती वाजता. मी म्हटलं, मी भाऊजींना यायला लिहिलंय. ती म्हणाली, "त्यांना खोकला आहे."

ता. क. शेवटचा. आता हे पत्र इतकं लांब का, ते सांगतो. ताईला एकच भीती होती: मी उतरेन, हे बघतील, 'बरं' म्हणतील आणि घराच्या दिशेने पुढे चालू लागतील. मी म्हटलं, त्याची व्यवस्था माझ्याकडे. तुम्ही कागद वाचताना हलत नाही आणि मान वर करत नाही. तेव्हा कंडक्टरने आधी उतरून हे पत्र तुमच्या हातात द्यायचं, एक शब्द बोलायचा नाही. ताईने मागच्या दाराने सावकाश उतरायचं. पत्रातला इंग्रजीचा तक्ता, मासे, शिंप्याची कात्री, सगळं तेवढ्यासाठी होतं. उद्या वर्गात कंडक्टरला आम्ही विचारणार आहोत, आणि 'शी स्टूड बिसाइड हिम' हे वाक्य फळ्यावर लिहायला खडू काढून ठेवला आहे. छत्री एकच आहे. ताईचं म्हणणं असं की पाऊस असो नसो, ती उघडायची. एका छत्रीखाली पुढे-मागे चालता येत नाही.

पत्र संपलं. आता मान वर करा. डावीकडे.